द्रुतगती न्यूट्रॉन चित्रणासाठीचे आटोपशीर सिंटिलेटर शोधक

द्रुतगती न्यूट्रॉन चित्रणासाठीचे आटोपशीर सिंटिलेटर शोधक ही द्रुतगती न्यूट्रॉनांच्या साहाय्याने बंद वस्तूच्या अंतर्भागाचे, अथवा न्यूट्रॉन बाहेर टाकणाऱ्या उगमाचे, चित्र मिळवून देणारी लहान आकाराची उपकरणे होत. ज्या पदार्थातून आयनकारी प्रारण गेले असता क्षणिक प्रकाश उमटतो, त्या पदार्थास सिंटिलेटर म्हणतात. न्यूट्रॉनच्या आघाताने सिंटिलेटरमध्ये उमटलेली चमक कोठे, केव्हा आणि किती तीव्रतेने उमटली याची नोंद प्रकाशसंवेदक घेतो व अशा असंख्य नोंदींवरून संगणक चित्र रचतो.

न्यूट्रॉन चित्रण दीर्घकाळ अणुभट्टीशी बांधलेले होते. तपासावयाची वस्तू अणुभट्टीच्या न्यूट्रॉन शलाकेपर्यंत नेणे ही त्याची पहिली अट होती. पुलाचा गर्डर, बंदरावरील मालाची पेटी किंवा संशयास्पद बेवारस वस्तू यांच्या बाबतीत ही अट पाळणे शक्य नसते. वाहून नेता येणारा न्यूट्रॉन जनित्र आणि आटोपशीर शोधक यांच्या जोडीने ही अट शिथिल होते. मात्र शोधक लहान केला की त्याची न्यूट्रॉन टिपण्याची क्षमता आणि दिशा ओळखण्याची अचूकता घटते. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हा या क्षेत्रातील मूळ प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या विषयाशी निगडित कार्य मुख्यत्वे मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले आहे.

क्ष-किरण, औष्णिक न्यूट्रॉन आणि द्रुतगती न्यूट्रॉन

क्ष-किरणांचा संबंध अणूतील इलेक्ट्रॉनांशी येतो. त्यामुळे शिसे, युरेनियम यांसारखी अधिक इलेक्ट्रॉन असलेली जड मूलद्रव्ये क्ष-किरणांना अडवितात, तर पाणी, प्लॅस्टिक, तेल यांसारखे हलके पदार्थ त्यांना जवळजवळ पारदर्शक असतात. लोखंडाच्या जाड कवचाआड ठेवलेले मेण क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही.

न्यूट्रॉनावर विद्युत्‌भार नसतो. तो इलेक्ट्रॉनांना न जुमानता थेट अणुकेंद्राशी टकरतो. सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांना औष्णिक न्यूट्रॉन म्हणतात. हायड्रोजन, बोरॉन, कॅडमियम व गॅडोलिनियम ही मूलद्रव्ये त्यांना प्रभावीपणे अडवितात किंवा विखुरतात. शिसे मात्र त्यांना बरेचसे जाऊ देते. त्यामुळे औष्णिक न्यूट्रॉनांचे चित्र क्ष-किरण चित्रास पूरक ठरते. परंतु काही सेंटीमीटर जाडीचे पाणी किंवा प्लॅस्टिक आड आले की औष्णिक न्यूट्रॉनांची शलाका क्षीण होते व जाड वस्तूचा अंतर्भाग दिसेनासा होतो.

द्रुतगती न्यूट्रॉनांची ऊर्जा काही लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून पुढे असते. ती दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. या लेखात त्यासाठी ‘एमईव्ही’ हे संक्षिप्त रूप वापरले आहे. भंजनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा सुमारे २ एमईव्ही असते. ड्यूटेरियम-ड्यूटेरियम संघटनातून सुमारे २.५ एमईव्ही, तर ड्यूटेरियम-ट्रिटियम संघटनातून सुमारे १४ एमईव्ही ऊर्जेचे न्यूट्रॉन मिळतात. १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन लोखंडात सरासरी चार ते पाच सेंटीमीटर, शिशात पाच ते सहा सेंटीमीटर आणि पाण्यात सुमारे दहा सेंटीमीटर अंतर एकही टक्कर न होता कापतो. अशा रीतीने जड धातू आणि हलके संयुग या दोहोंच्या जाड थरातून आरपार जाणारे हे प्रारण आहे. ही भेदकता जशी उपयोगी, तशीच अडचणीचीही आहे. जो न्यूट्रॉन वस्तूमधून सहज निसटतो, तो शोधकामधूनही तितक्याच सहजतेने निसटतो.

इतिहास

प्रारणामुळे उमटणाऱ्या चमका मोजण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. विल्यम क्रूक्स यांनी १९०३ मध्ये झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील चमका दाखविणारे साधे उपकरण तयार केले. अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांनी आल्फा कणांच्या प्रकीर्णनाचे प्रयोग केले, तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत बसून अशाच चमका सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजीत.

जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनाचा शोध लावला. पॅराफीन मेणातून बाहेर फेकले जाणारे प्रोटॉन हा त्यांच्या अनुमानाचा महत्त्वाचा आधार होता. हायड्रोजनयुक्त पदार्थातील प्रोटॉनला बसणारा न्यूट्रॉनाचा धक्का हीच घटना आजच्या द्रुतगती न्यूट्रॉन शोधकांचाही पाया आहे.

न्यूट्रॉनांनी चित्र घेण्याचे पहिले प्रयत्न १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीमध्ये हार्टमुट काल्मान आणि एर्न्स्ट कून यांनी केले. पुढे १९४७ मध्ये काल्मान यांनीच नॅप्थॅलीनच्या स्फटिकातील चमका प्रकाशगुणक नलिकेने मोजून सेंद्रिय सिंटिलेटरचा मार्ग खुला केला. न्यूट्रॉन चित्रण व सेंद्रिय सिंटिलेटर या दोन्ही शाखांच्या उगमाशी अशा प्रकारे एकाच शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. या दोन शाखा प्रत्यक्षात एकत्र येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

अमेरिकेच्या कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळेवरील ‘कॉम्पटेल’ हे उपकरण १९९१ मध्ये अवकाशात सोडण्यात आले. त्याच वर्षी जून महिन्यातील सौर उद्रेकांच्या वेळी त्याने सूर्यावरून आलेले न्यूट्रॉन टिपले. लागोपाठच्या दोन शोधकांत होणाऱ्या दोन टकरींवरून न्यूट्रॉनाची दिशा ठरविता येते, हे त्यातून प्रत्यक्ष सिद्ध झाले. पुढे हेच तत्त्व जमिनीवरील न्यूट्रॉन प्रकीर्णन कॅमेऱ्यांत वापरले गेले. २००८ च्या सुमारास हेलियम-३ वायूचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा न्यूट्रॉन मोजण्याच्या पर्यायी साधनांचे, आणि त्यांत सिंटिलेटरांचे, महत्त्व अधिक वाढले.

कार्यतत्त्व

न्यूट्रॉन स्वतः आयनीभवन करीत नाही. त्याची चाहूल त्याने धक्का दिलेल्या अणुकेंद्रावरून लागते. स्थितिस्थापक टकरीत न्यूट्रॉन किती ऊर्जा देऊ शकतो हे समोरच्या अणुकेंद्राच्या वस्तुमानावर अवलंबून असते. कॅरमच्या सोंगटीवर तेवढ्याच वजनाची सोंगटी समोरासमोर आदळली तर पहिली जवळजवळ थांबते व दुसरी तिचा वेग घेऊन निघते. प्रोटॉनचे वस्तुमान न्यूट्रॉनाइतकेच असल्याने अशा टकरीत न्यूट्रॉन आपली संपूर्ण ऊर्जा प्रोटॉनला देऊ शकतो. कार्बनच्या अणुकेंद्रास तो अधिकाधिक २८ टक्के, तर शिशाच्या अणुकेंद्रास जेमतेम २ टक्के ऊर्जा देतो. म्हणून द्रुतगती न्यूट्रॉनांसाठी हायड्रोजनने समृद्ध असे सेंद्रिय सिंटिलेटर निवडले जातात.

धक्का बसलेला प्रोटॉन सिंटिलेटरमध्ये अल्प अंतर धावतो व वाटेतील रेणूंना उत्तेजित करतो. हे रेणू मूळ स्थितीत परतताना निळसर प्रकाश देतात. प्रकाशाचा मोठा भाग काही नॅनोसेकंदांत बाहेर पडतो. समान ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनपेक्षा प्रोटॉनमुळे मिळणारा प्रकाश बराच कमी असतो, कारण त्याच्या दाट आयनीभवनाच्या वाटेवर उत्तेजित रेणूंची काही ऊर्जा प्रकाश न देताच खर्च होते. हा ऱ्हास ऊर्जेच्या प्रमाणात नसल्याने प्रत्येक सिंटिलेटरची प्रकाशप्रतिसादाची सारणी प्रयोगाने ठरवावी लागते.

न्यूट्रॉन व गॅमा किरण यांतील भेद

न्यूट्रॉनांच्या बहुतेक उगमांतून गॅमा किरणही निघतात आणि सिंटिलेटर दोहोंनाही प्रतिसाद देतो. काही सेंद्रिय सिंटिलेटरांत चमकेचा शीघ्र भाग व रेंगाळणारा भाग असे दोन घटक असतात. गॅमा किरणांमुळे सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या तुलनेत प्रोटॉनमुळे उमटलेल्या चमकेत रेंगाळणाऱ्या भागाचे प्रमाण अधिक असते. विद्युत् स्पंदाच्या शेपटीतील भार आणि एकूण भार यांचे गुणोत्तर काढले की न्यूट्रॉन व गॅमा किरण वेगळे ओळखता येतात. या रीतीस स्पंदाकार विभेदन म्हणतात. स्पंद लहान असेल, म्हणजे न्यूट्रॉनाने थोडीच ऊर्जा दिली असेल, तर हा भेद अस्पष्ट होतो.

सिंटिलेटर पदार्थ

स्टिल्बीन हा सेंद्रिय स्फटिक न्यूट्रॉन व गॅमा किरण यांतील भेद उत्तम रीतीने दाखवितो. तो ठिसूळ असतो, शिवाय त्याचा प्रकाशप्रतिसाद प्रोटॉन स्फटिकातून कोणत्या दिशेने धावला यावर काही अंशी अवलंबून असतो. द्रावणातून स्फटिक वाढविण्याच्या तंत्रामुळे अलीकडे मोठ्या आकाराचे स्टिल्बीन उपलब्ध होऊ लागले आहे.

द्रव सिंटिलेटर अनेक दशके प्रयोगशाळांत वापरात आहेत. जुने द्रव सहज पेट घेणारे असल्याने ते बाहेर वाहून नेणे जोखमीचे होते. ‘ईजे-३०९’सारखे नवे द्रव १०० अंश सेल्सियसच्या पुढे तापविल्याखेरीज पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाहीत.

प्लॅस्टिक सिंटिलेटर स्वस्त असतो व हव्या त्या आकारात कापता येतो. साधे प्लॅस्टिक न्यूट्रॉन व गॅमा किरण यांत भेद करू शकत नाही. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधनातून असा भेद करणारे प्लॅस्टिक विकसित झाले. द्रव सांडण्याची भीती नाही आणि स्फटिक तडकण्याचीही नाही, यामुळे आटोपशीर उपकरणांसाठी हा पदार्थ सोयीचा ठरला.

झिंक सल्फाइडचे कण पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळून केलेले पडदे कॅमेऱ्याने चित्र घेण्यासाठी वापरतात. त्यांत प्लॅस्टिकमधील हायड्रोजन प्रोटॉन पुरवितो आणि झिंक सल्फाइड प्रकाश देते. प्रकाश विपुल मिळतो, पण पडदा दुधी असल्याने खोलवर उमटलेला प्रकाश पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. त्यामुळे पडद्याची उपयुक्त जाडी काही मिलिमीटरपुरतीच राहते.

जाडी आणि रेखीवपणा यांतील पेच

सामान्य प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या एका घन सेंटीमीटरमध्ये हायड्रोजनचे सुमारे ५.२ × १०²² अणू असतात. केवळ हायड्रोजनशी होणाऱ्या टकरी धरल्या, तर एक सेंटीमीटर जाडीत २.५ एमईव्हीच्या शंभर न्यूट्रॉनांपैकी सुमारे बारा आणि १४ एमईव्हीच्या शंभरांपैकी जेमतेम तीन-चार न्यूट्रॉन टकरतात. उरलेले आपली कोणतीही खूण न ठेवता निघून जातात.

सिंटिलेटर जाड केल्यास टकरी वाढतात, परंतु जाड अखंड तावदानात प्रकाश सर्व बाजूंना पसरतो व चित्र धूसर होते. यावर उपाय म्हणून सिंटिलेटरचे बारीक, लांब दांडे करून ते मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारखे शेजारी-शेजारी रचतात. प्रत्येक दांड्याभोवती परावर्तक थर असतो. प्रकाश त्या दांड्यातच कोंडला जाऊन टोकाशी पोचतो. दांड्याची लांबी न्यूट्रॉन टिपण्याची क्षमता ठरविते आणि त्याची रुंदी चित्राचा रेखीवपणा ठरविते. प्रकाशीय तंतूंच्या स्वरूपातील सिंटिलेटरांतही हीच युक्ती वापरलेली असते.

दांडे अमर्याद बारीक करून मात्र फारसा लाभ होत नाही. १४ एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन प्लॅस्टिकमध्ये सुमारे दोन मिलिमीटर धावतो. दांडा त्याहून बारीक असेल तर प्रोटॉन शेजारच्या दांड्यात शिरतो आणि एकच न्यूट्रॉन दोन ठिकाणी नोंदविला जातो. २.५ एमईव्हीच्या प्रोटॉनची धाव सुमारे एकदशांश मिलिमीटर असल्याने तेथे ही अडचण सौम्य असते. याखेरीज एका दांड्यात टकरून दिशा बदललेला न्यूट्रॉन दुसऱ्या दांड्यात पुन्हा टकरू शकतो. पहिली टक्कर कोणती हे वेळेच्या नोंदीवरून ओळखावे लागते, अन्यथा चित्रात खोटी पार्श्वभूमी साचते.

प्रकाशाचे वाचन

सिंटिलेटरमधील प्रकाश मोजण्याचे पारंपरिक साधन म्हणजे प्रकाशगुणक नलिका. ती अत्यंत संवेदनक्षम असली तरी काचेची, निर्वात व आकाराने मोठी असते. तिला सुमारे हजार व्होल्टचा दाब लागतो आणि चुंबकीय क्षेत्रात तिचे काम बिघडते.

शोधक आटोपशीर होण्यास सिलिकॉन प्रकाशगुणकाने मोठा हातभार लावला. काही मिलिमीटर लांबी-रुंदीच्या या अर्धसंवाहक चकतीवर हजारो सूक्ष्म प्रकाशपेशी असतात. ती काही दशक व्होल्टवर चालते, चुंबकीय क्षेत्राची तमा बाळगीत नाही आणि सिंटिलेटरच्या दांड्याला थेट चिकटविता येते. तिचे दोषही आहेत. प्रकाश नसतानाही ती स्पंद देते आणि तापमान वाढले की असे खोटे स्पंद वाढतात व तिची वर्धनक्षमता बदलते. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोचते. अशा हवेत उघड्यावर काम करावयाच्या उपकरणात तापमानाची नोंद घेऊन विद्युत् दाब आपोआप जुळविण्याची सोय अपरिहार्य ठरते.

तिसरी पद्धत भिंगातून कॅमेऱ्याने सिंटिलेटरचे छायाचित्र घेण्याची. कॅमेरा थेट प्रारणात सापडू नये म्हणून आरसा ४५ अंशांत बसवून प्रकाश बाजूला वळवितात. या पद्धतीत रेखीवपणा चांगला मिळतो, पण भिंगापर्यंत पोचणारा प्रकाश थोडा असतो आणि प्रत्येक न्यूट्रॉनाची स्वतंत्र वेळ सहसा मिळत नाही.

चित्रणाच्या पद्धती

पारगमन चित्रण

उगम एका बाजूस, शोधक दुसऱ्या बाजूस आणि वस्तू मध्ये, अशी ही रचना असते. वस्तू फिरवून अनेक बाजूंनी चित्रे घेतल्यास संगणकाच्या साहाय्याने अंतर्भागाचे त्रिमितीय चित्र मिळते. ड्यूटेरियम-ट्रिटियम जनित्रात प्रत्येक न्यूट्रॉनाबरोबर विरुद्ध दिशेने एक आल्फा कण निघतो. त्या आल्फा कणाची जागा व वेळ टिपली तर न्यूट्रॉन कोणत्या दिशेने व केव्हा निघाला हे कळते आणि विखुरलेले न्यूट्रॉन वगळता येतात.

सांकेतिक छिद्रपट

येथे वस्तूच न्यूट्रॉनांचा उगम असते. शोधकापुढे विशिष्ट नमुन्यात छिद्रे ठेवलेला जाड प्लॅस्टिकचा किंवा धातूचा पट धरतात. उगमाच्या दिशेनुसार या पटाची सावली शोधकावर सरकते व त्या सावलीवरून उगमाचे स्थान काढले जाते. द्रुतगती न्यूट्रॉन अडविण्यासाठी पट काही सेंटीमीटर जाड असावा लागतो, त्यामुळे उपकरणाचे वजन वाढते.

द्विप्रकीर्णन

न्यूट्रॉन पहिल्या सिंटिलेटरमध्ये एका प्रोटॉनला धक्का देतो व वळून दुसऱ्या सिंटिलेटरमध्ये टकरतो. पहिल्या चमकेवरून त्याने गमावलेली ऊर्जा समजते. दोन चमकांमधील अंतर व काळ यांवरून त्याचा वेग, म्हणजे उरलेली ऊर्जा समजते. या दोन ऊर्जांच्या गुणोत्तरावरून वळणाचा कोन निघतो. उदाहरणार्थ, २ एमईव्हीच्या न्यूट्रॉनाने पहिल्या टकरीत १ एमईव्ही ऊर्जा गमावली असेल तर तो ४५ अंशांनी वळलेला असतो. उगम त्या कोनाच्या शंकूवर कोठेतरी असतो आणि असे अनेक शंकू जेथे एकमेकांना छेदतात तेथे उगमाची जागा उमटते.

या पद्धतीत आटोपशीरपणाची किंमत स्पष्ट दिसते. १ एमईव्हीचा न्यूट्रॉन एका नॅनोसेकंदात सुमारे १.४ सेंटीमीटर जातो. दोन सिंटिलेटर ३० सेंटीमीटर अंतरावर असतील तर तो सुमारे २२ नॅनोसेकंद घेतो. काळाच्या मोजणीत ०.३ नॅनोसेकंदाची चूक झाली तर ऊर्जेत सुमारे ३ टक्के चूक येते. हेच अंतर ३ सेंटीमीटर केले तर तेवढ्याच चुकीने ऊर्जा सुमारे २८ टक्क्यांनी चुकते. म्हणजेच उपकरण जितके लहान, तितके घड्याळ अधिक काटेकोर हवे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्टिल्बीनचे दांडे व सिलिकॉन प्रकाशगुणक वापरून हातात धरता येईल असा न्यूट्रॉन व गॅमा किरण या दोहोंचा चित्रक तयार करण्यात आला आहे.

भारतातील कार्य

भारतातील, आणि आशियातीलही, पहिली संशोधन अणुभट्टी ‘अप्सरा’ ही ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे कार्यान्वित झाली. तिच्या व १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘सायरस’ अणुभट्टीच्या शलाकांवर न्यूट्रॉन रेडिओग्राफीचे कार्य झाले. तमिळनाडूतील कल्पक्कम येथील ‘कामिनी’ ही युरेनियम-२३३ इंधनावर चालणारी ३० किलोवॅट क्षमतेची लहान अणुभट्टी १९९६ मध्ये सुरू झाली. न्यूट्रॉन रेडिओग्राफी हा तिचा एक प्रमुख हेतू असून अणुइंधनाबरोबरच अवकाश कार्यक्रमात लागणाऱ्या लहान स्फोटक साधनांची तपासणीही तेथे झाली आहे.

मूळ ‘अप्सरा’ पन्नासहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर थांबविण्यात आली व ‘सायरस’ ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. नव्या रूपातील ‘अप्सरा’ १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. दरम्यानच्या काळात १९८५ पासून चालू असलेल्या १०० मेगावॅटच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर न्यूट्रॉन चित्रणाची शलाका विकसित करण्यात आली. अणुभट्टी बंद झाली की तिच्याभोवती उभे राहिलेले चित्रणाचे कार्यही थांबते किंवा दुसरीकडे हलवावे लागते, हे या क्रमावरून लक्षात येते. अणुभट्टीविना चालणाऱ्या चित्रणाची गरज या अंगानेही आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘पूर्णिमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत ड्यूटेरियम-ट्रिटियम अभिक्रियेवर चालणारा १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन जनित्र आहे. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी अशा जनित्राच्या साहाय्याने द्रुतगती न्यूट्रॉन रेडिओग्राफीचे प्रारंभिक प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत.

सिंटिलेटरवर आधारित न्यूट्रॉन मापनाची परंपराही मुंबईत आहे. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र व ही संस्था मिळून पेलेट्रॉन त्वरक चालवितात. तेथील प्रयोगांसाठी प्रत्येकी ६ सेंटीमीटर × ६ सेंटीमीटर × १ मीटर आकाराच्या सोळा प्लॅस्टिक सिंटिलेटर दांड्यांचा संच उभारण्यात आला. दांड्याच्या दोन टोकांना प्रकाश पोचण्याच्या वेळांतील फरकावरून न्यूट्रॉन दांड्यावर कोठे टकरला हे त्यात ओळखले जाते. हा संच आटोपशीर नाही; तथापि एकाच दांड्यातील टकरीची जागा वेळेवरून काढण्याची हीच रीत हातात मावणाऱ्या शोधकांतही वापरली जाते. ट्रॉम्बे येथे सिंटिलेटर स्फटिक वाढविण्याचे कार्यही चालते. सेरियमयुक्त गॅडोलिनियम-गॅलियम-ॲल्युमिनियम गार्नेटचे स्फटिक हे त्याचे एक उदाहरण होय. गॅडोलिनियममुळे हा स्फटिक द्रुतगती न्यूट्रॉनांपेक्षा औष्णिक न्यूट्रॉनांना अधिक अनुकूल आहे.

उपयोग

जाड धातूच्या आवरणातील रबर, प्लॅस्टिक, तेल, पाणी अथवा स्फोटक द्रव्य यांची तपासणी हा पारगमन चित्रणाचा प्रमुख उपयोग आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर २००० नंतरच्या दशकात हवाई मालाच्या तपासणीसाठी १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन व गॅमा किरण एकत्र वापरणारे यंत्र चाचणीसाठी बसविण्यात आले होते. दोन्ही प्रारणांच्या क्षयाच्या तुलनेवरून पेटीतील पदार्थ धातू आहे की सेंद्रिय, याचा अंदाज त्यात केला जाई.

प्लुटोनियमसारखी द्रव्ये आपोआप भंजन पावून न्यूट्रॉन सोडतात. शिशाच्या आवरणाने त्यांचे गॅमा किरण लपविता येतात, परंतु द्रुतगती न्यूट्रॉन लपविणे कठीण असते. म्हणून चोरटी वाहतूक पकडणे, साठवणुकीतील द्रव्याचा हिशेब ठेवणे आणि शस्त्रकपातीच्या करारांची पडताळणी करणे यांसाठी सुवाह्य न्यूट्रॉन चित्रकांचा विचार होतो. पडताळणीत एक नाजूक पेच असतो. निरीक्षकाला शस्त्र तेथे आहे याची खात्री हवी असते आणि यजमान राष्ट्राला त्याची रचना उघड होऊ द्यावयाची नसते. त्यामुळे अशा प्रसंगी अतिशय रेखीव चित्र अनिष्टच ठरते व चित्राची विभेदनक्षमता हेतुतः मर्यादित ठेवण्याच्या पद्धती सुचविल्या गेल्या आहेत.

मर्यादा

सर्वांत मोठी मर्यादा काळाची आहे. उदाहरणादाखल, दर सेकंदाला १०⁸ न्यूट्रॉन सर्व दिशांना सारखे फेकणारा १४ एमईव्हीचा जनित्र घेतला, तर एक मीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला सुमारे ८०० न्यूट्रॉन येतात. दोन सेंटीमीटर जाडीचे प्लॅस्टिक त्यांपैकी सुमारे ५५ टिपते. दांड्याची रुंदी दोन मिलिमीटर असेल तर एका दांड्याच्या वाट्यास सेकंदाला सुमारे दोन नोंदी येतात. चित्रातील अनिश्चितता एक टक्क्यावर आणण्यासाठी दहा हजार नोंदी लागतात, म्हणजे मध्ये वस्तू नसतानाही सव्वा तास लागतो. वस्तू दहांपैकी नऊ न्यूट्रॉन अडवीत असेल तर हाच काळ दहापट होतो.

उगम जवळ आणल्यास काळ वाचतो, पण उगमाचे ठिपके काही मिलिमीटर आकाराचे असल्याने कडा अस्पष्ट होतात. शिवाय भिंती, जमीन आणि खुद्द वस्तू यांवरून विखुरलेले न्यूट्रॉन चित्रात करडी झाक आणतात. हलके व जड पदार्थ या दोहोंतून न्यूट्रॉन बऱ्याच प्रमाणात आरपार जात असल्याने त्यांच्यातील भेदही औष्णिक न्यूट्रॉन चित्राइतका ठळक नसतो. या कारणांमुळे आटोपशीर शोधकांचे चित्र अणुभट्टीवरील औष्णिक न्यूट्रॉन चित्राच्या रेखीवपणाशी स्पर्धा करू शकत नाही. जेथे वस्तू अणुभट्टीपर्यंत नेता येत नाही, किंवा ती फार जाड आहे, तेथेच त्यांची खरी उपयुक्तता आहे.

सुरक्षितता

सुमारे १ एमईव्ही ऊर्जेचे न्यूट्रॉन समान मात्रेच्या गॅमा किरणांपेक्षा जैविक दृष्ट्या वीसपटीपर्यंत अधिक घातक मानले जातात. शिशाचा आडोसा त्यांच्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. त्यासाठी पाणी, पॉलिथिलीन, मेण अथवा काँक्रीट यांचा जाड थर लागतो. न्यूट्रॉन जनित्र वीज बंद करताच न्यूट्रॉन देणे थांबवितो, हा किरणोत्सारी उगमाच्या तुलनेत त्याचा मोठा गुण आहे. तथापि त्यातील ट्रिटियम किरणोत्सारी असते आणि दीर्घ वापराने भोवतालचे काही पदार्थही किरणोत्सारी बनतात. भारतात अशा साधनांचा वापर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतो.

शोधक स्वतः कोणतेही प्रारण निर्माण करीत नाही. तो जितका अधिक कार्यक्षम, तितका दुर्बळ उगम पुरतो आणि काम करणाऱ्यांना मिळणारी प्रारणमात्राही तितकी कमी राहते.

हेही पहा

न्यूट्रॉन
अप्सरा अणुभट्टी
भाभा अणुसंशोधन केंद्र
प्रकाशगुणक नलिका
अणुकेंद्रीय भंजन